विंचवांच्या शेजारी नांदताना

बार्शीला आमच्या आजोबांची आडत पेढी होती. पेढीमागे मोठी वखार आणि वखारीत ज्वारी, तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या. उन्हाळा सरून पहिला पाऊस पडला की आजोबा हमालांना एक ताकीद देत : पोते उचलण्याआधी त्यावर काठीने दोनदा ठोकायचे, मगच हात घालायचा. पोत्यांच्या सांदीत विंचू असत. कोणी हसले, तर आजोबा म्हणत, "ठोकले म्हणजे त्यालाही वाट मिळते आणि आपलाही हात वाचतो."

लहानपणी ते वाक्य कानावरून गेले. त्याचा अर्थ मला उमगला तो सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या एका उपनगरात. यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही तेथे घर केले, त्याला आता पंधरा वर्षे होतील. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत. त्यांतील काहींना वाळवंटी प्रदेशात राहावे लागते. आमचा अनुभव त्यांना उपयोगी पडेल आणि येथे राहणाऱ्या वाचकांनाही विचार करायला लावील, या भावनेने हे लिहीत आहे.

वाळूचे नव्हे, जीवांचे वाळवंट

वाळवंट म्हटले की आपल्यापैकी अनेकांना पूर्वजांच्या मारवाडातील वाळूच्या टेकड्या आठवतात. सोनोरन वाळवंट तसे नाही. ॲरिझोनाचा दक्षिण भाग, कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा आणि मेक्सिकोचा वायव्य प्रदेश मिळून सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटरचा हा मुलूख दगडगोट्यांचा, काटेरी झुडपांचा आणि दोन-तीन पुरुष उंचीच्या, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारख्या दिसणाऱ्या सग्वारो निवडुंगांचा आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम वीस सेंटिमीटर. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांपुढे जाणे नेहमीचेच. २०२३ साली तर फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस दिवसाचे कमाल तापमान त्याखाली उतरले नाही.

एवढ्या कोरड्या प्रदेशातही जीवसृष्टी मात्र विपुल आहे. एकट्या ॲरिझोनात विंचवांच्या तीसहून अधिक जाती आहेत. सर्वांत मोठा केसाळ विंचू सुमारे चौदा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पण त्याचा दंश सौम्य असतो. खरी काळजी घ्यावी लागते ती एका लहान विंचवाची. इंग्रजीतील त्याच्या नावाचा अर्थ 'सालीचा विंचू', कारण तो झाडांच्या सालीखाली राहतो. पाच ते आठ सेंटिमीटर लांब, गवताच्या काडीसारखा पिवळसर, बारीक नांग्यांचा आणि सडपातळ शेपटीचा. इतर विंचू जमिनीवर राहतात, हा भिंतीवर चढतो आणि छतालाही उलटा चिकटून चालतो. दीड-दोन मिलिमीटरची फट त्याला घरात शिरायला पुरते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावी लागते. हा विंचू आमच्या घरी आलेला नाही. आम्ही त्याच्या घरी आलो आहोत. वाळवंट सपाट करून वसाहती उभ्या राहिल्या. पोकळ सिमेंटच्या विटांच्या कुंपणभिंती आल्या, त्यांत त्याला सावलीची घरे मिळाली. बागांना पाणी आले, पाण्यामागे रातकिडे आले आणि रातकिडे हे त्याचे अन्न. अशा रीतीने शहराने त्याला हुसकावण्याऐवजी त्याची सोयच करून दिली.

ती रात्र

आमची कन्या तेव्हा दोन वर्षांची होती. ऑगस्ट महिना, चातुर्मास चालू. सासूबाई चार महिन्यांसाठी भारतातून आलेल्या. रात्री नऊच्या सुमारास मुलीला अंघोळ घालून मी तिला जमिनीवर पडलेल्या पंचात गुंडाळले आणि ती किंचाळली. पंचाच्या घडीतून विंचू खाली पडला. यजमान धावत आले आणि हातात आलेल्या चपलेने त्यांनी त्याला ठेचले. हे मी लपवीत नाही. ज्या घरात सामायिकाला बसण्यापूर्वी पूंजणीने जागा पुसली जाते, त्या घरात हे घडले.

अर्ध्या तासात मुलीचे डोळे स्थिर राहीनात, बुबुळे इकडेतिकडे भिरभिरू लागली. तोंडातून लाळ वाहू लागली, हातपाय झटके देऊ लागले. तिला श्वास नीट घेता येईना. या विंचवाचे विष मज्जातंतूंवर काम करते. मोठ्या माणसाला बहुधा वेदना, मुंग्या आणि बधिरता यांवरच निभावते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र ते प्राणावर बेतू शकते.

रुग्णालयातील डॉक्टरांनी शिरेतून प्रतिविषाच्या तीन कुप्या दिल्या. दोन तासांनी मुलीचे डोळे स्थिर झाले. पहाटे तिने पाणी मागितले. त्या पाण्याच्या पेल्याची आठवण आली की आजही माझे डोळे भरून येतात.

या औषधाची कथा मी नंतर वाचली. पूर्वी फिनिक्सजवळच्या टेंपी येथील विद्यापीठात शेळ्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनविले जाई. ते बनविणे थांबले आणि साठा संपत आला, तेव्हा डॉक्टरांना मेक्सिकोकडे पाहावे लागले. मेक्सिकोत दरवर्षी दोन लाखांहून अधिक लोकांना विंचू चावतो, त्यामुळे तेथे हे शास्त्र फार पुढे गेले आहे. टूसान येथील डॉ. लेस्ली बॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या प्रतिविषाची चाचणी घेतली. २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अत्यवस्थ अशा १५ मुलांपैकी ८ जणांना प्रतिविष दिले होते. ती आठही मुले चार तासांत बरी झाली. ज्या ७ जणांना ते दिले नव्हते, त्यांच्यातील एकच मूल तेवढ्या वेळात बरे झाले. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. व्यापारी वाचकांना एक गोष्ट रोचक वाटेल. मेक्सिकोत शंभरेक डॉलरला मिळणारी ही कुपी सीमा ओलांडताच हजारो डॉलरांची झाली.

आणखी एक गोष्ट मनाला बोचते, तीही सांगते. हे प्रतिविष घोड्यांपासून मिळते. घोड्यांना विष अत्यल्प प्रमाणात टोचतात, त्यांच्या रक्तात त्याचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात आणि ती रक्तातून वेगळी करून औषध बनते. माझ्या मुलीचा श्वास कोणा अनाम मुक्या जीवांच्या रक्ताच्या उपकारावर परत आला. आपण कोणाला दुखवीत नाही, असे म्हणताना आता माझा आवाज थोडा खाली येतो.

फवारणी की फटी बुजविणे

दुसऱ्या आठवड्यात यजमानांनी कीटकनाशक फवारणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. दर महिन्याला घराभोवती फवारणी, वर्षाचा करार. यजमान एरवी शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा कठोर होता. "पुन्हा ती रात्र मला नको," एवढेच ते म्हणाले. मी गप्प राहिले. खरे सांगायचे, तर माझेही मन त्यांच्याच बाजूने होते.

सासूबाईंनी मुलाला दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, "लेकराच्या अंगाशी आलेल्याला तू मारलेस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्याचे मिच्छामि दुक्कडम् तू कर, मीही करते. पण महिन्याच्या महिन्याला विष शिंपडणार, ते कोणासाठी? जो अजून आलाच नाही, त्याच्यासाठी?"

श्रावकाच्या अहिंसाव्रतात संकल्पी हिंसेचा, म्हणजे ठरवून केलेल्या हिंसेचा त्याग सांगितलेला आहे. संसारात, उद्योगात आणि स्वसंरक्षणात घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही, हेही शास्त्रकारांनी ओळखले आहे. सासूबाईंनी शास्त्राची नावे घेतली नाहीत, पण नेमकी तीच सीमारेषा दाखविली. अंगावर आलेल्या विंचवाला घाबरून मारणे वेगळे, आणि बारा महिन्यांचा करार करून मुंग्या, मधमाश्या, फुलपाखरे यांच्यासह सर्वांना सरसकट मारणे वेगळे.

योगायोग असा, की फवारणीवाला माणूसच आमच्या मदतीला आला. वयस्कर, सरळ गृहस्थ. तो म्हणाला, "साहेब, माझा धंदा बुडेल, पण खरे सांगतो. औषधाने रातकिडे मरतील, विंचू चटकन मरत नाहीत. आधी फटी बुजवा."

मग आम्ही फटींच्या मागे लागलो. दारांच्या तळाला रबरी पट्ट्या बसविल्या. भिंतींच्या तळाशी पाणी झिरपून जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांना बारीक तारेची जाळी लावली. विजेच्या बटणांच्या पाट्यांभोवतीच्या आणि नळांच्या नळ्यांभोवतीच्या फटी भरून घेतल्या. भिंतीलगतचा लाकूडफाटा आणि दगडांचे ढीग हलविले. बाहेरचे पांढरे दिवे काढून पिवळे लावले. पिवळ्या उजेडाकडे कीटक कमी येतात आणि कीटक कमी झाले की विंचूही कमी होतात. पलंग भिंतीपासून दूर ओढले आणि चादरी जमिनीला टेकणार नाहीत अशा खोचल्या.

मुलीच्या पाळण्याचा प्रश्न शेजारच्या आजींनी सोडविला. त्या मूळच्या मेक्सिकोतील दुरांगो प्रांताच्या. तो प्रांत विंचवांसाठीच प्रसिद्ध आहे. आमच्या पाळण्याचे चारही पाय त्यांनी काचेच्या बरण्यांत उभे केले. गुळगुळीत काचेवर विंचवाचे पाय ठरत नाहीत. त्यांच्या आईने त्यांना असेच वाढविले होते.

बाजारात चिकट पाट्याही मिळतात. त्यावर आलेला जीव अडकतो आणि दोन-दोन दिवस तडफडून मरतो. एका परिचितांकडे सासूबाईंनी अशा पाटीवर अडकलेली पाल पाहिली आणि त्या दिवशी त्यांना अन्न गेले नाही. त्या पाट्या आम्ही घरात येऊ दिल्या नाहीत.

निळ्या उजेडातील मोजदाद

विंचवाच्या अंगी निसर्गाने एक नवल ठेवले आहे. अतिनील किरणांच्या विजेरीचा झोत पडला की त्याचे कवच हिरव्या-निळ्या रंगाने उजळते. कवचातील काही रासायनिक द्रव्यांमुळे असे होते. नुकतीच कात टाकलेला कोवळा विंचू मात्र चमकत नाही. अशी विजेरी अल्प किमतीत मिळते. रात्री साडेआठनंतर आम्ही ती घेऊन कुंपणाभोवती फिरू लागलो. पहिल्या रात्री मागच्या भिंतीवर एकोणीस विंचू मोजले. माझ्या पायांतले बळच गेले.

सापडलेल्या विंचवाला हाताळण्याची पद्धत ठरली. पायात बूट, हातात जाड मोजे आणि लांब चिमटा, समोर रुंद तोंडाची काचेची बरणी. चिमट्याने अलगद धरायचे, बरणीत ठेवायचे, झाकण लावायचे आणि वसाहतीमागच्या कोरड्या ओढ्यातील दगडांत सोडायचे. एकदा बरणीत एक मादी आली. तिच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांएवढी पांढरी पिल्ले दाटीने बसली होती. विंचवी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते आणि त्यांनी पहिली कात टाकेपर्यंत त्यांना पाठीवर वागविते. सासूबाई बरणीकडे बराच वेळ पाहात राहिल्या. नंतर म्हणाल्या, "हिलाही रात्रभर झोप नसेल."

जीवविचार प्रकरणात चतुरिंद्रिय जीवांची नावे विंचवापासूनच सुरू होतात. स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी त्याला आहेत, कान नाहीत. फिलिप ब्राउनेल नावाच्या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील वालुका-विंचवांवर प्रयोग केले आणि १९७७ साली त्यांचे निष्कर्ष मांडले. हा विंचू वाळूतून येणारी कंपने पायांनी टिपतो आणि त्यावरून भक्ष्याची दिशा ओळखतो. हे वाचले तेव्हा मला एकदम वखारीतील काठी आठवली. तो ठोका विंचवाला ऐकू येत नव्हता; तो त्याच्या पायांना कळत होता.

तिसऱ्या वर्षापर्यंत मोजणीचा आकडा एकोणिसावरून तीन-चारवर आला. गेल्या सहा वर्षांत घराच्या आत केवळ दोनदा विंचू दिसला आणि दोन्ही वेळा तो बरणीतून बाहेर गेला.

कोळ्यांची गोष्ट

विंचवाइतकीच धास्ती येथे 'काळी विधवा' या कोळ्याची असते. मादी काळीभोर, चकचकीत, पोटाखाली वाळूच्या घड्याळाच्या आकाराचा लाल ठिपका. कुंपणाचे कोपरे, बागेतील खुर्च्यांची खालची बाजू आणि पाण्याच्या झडपांची पेटी या तिच्या आवडत्या जागा. तिचे जाळे सुबक नसते, वेडेवाकडे असते. पण धागा इतका चिवट की काडीने ओढला तर तटतट तुटल्याचा आवाज येतो. तिच्या विषाने स्नायूंत आणि पोटात तीव्र पेटके येतात. मात्र ती आपण होऊन अंगावर येत नाही. चावते ती बहुधा खुर्चीखाली न पाहता हात घालणाऱ्याला. म्हणून खुर्ची उलटून पाहणे आणि बागेत हातमोजे घालणे हाच खरा उपाय.

दुसरा तपकिरी कोळी. त्याला आठऐवजी सहाच डोळे असतात. त्याच्या दंशाने कधी कधी त्वचा सडते. तो अडगळीत राहतो, म्हणून आम्ही अडगळच ठेवली नाही. अपरिग्रहाचा असाही लाभ होतो, असे यजमान विनोदाने म्हणतात.

आणि तिसरा टॅरांटुला. हा तळहाताएवढा केसाळ कोळी दिसायला भयंकर, पण माणसाला फारसा अपायकारक नाही. याची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. पावसाळी वादळांच्या दिवसांत नर मादीच्या शोधात रस्ते ओलांडताना दिसतात. तेव्हा आम्ही गाडी थांबवतो. मागचा गाडीवाला भोंगा वाजवितो, मग त्यालाही कोळी दिसतो आणि तोही थांबतो.

आपल्या महाराष्ट्रासाठी

ॲरिझोनापेक्षा आपल्या कोकणातील तांबडा विंचू अधिक घातक आहे, हे मला तेथे राहून कळले. त्याचे विष हृदयावर आघात करते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात रुग्णांच्या उशाशी बसून या दंशाचा अभ्यास केला. त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर गुणकारी ठरते, हे दाखविले आणि असंख्य प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वाचकांनी एवढे अवश्य लक्षात ठेवावे. विंचू चावल्यावर उलटी, दरदरून घाम आणि हातपाय थंड पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. नवकार मनात म्हणावा, परंतु मांत्रिकाकडे वेळ घालवू नये; रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. मूल लहान असेल, तर चिन्हे दिसण्याची वाटही पाहू नये. वखारीत, गोदामात व शेतघरात काम करणाऱ्या आपल्या माणसांना बूट आणि हातमोजे देणे ही मालकाची जबाबदारी आहे. पोत्यात हात ते घालतात आणि दंशही त्यांनाच होतो.

शेवटी

परवा सासूबाई पुन्हा आमच्याकडे आल्या. आता त्यांचे गुडघे दुखतात, तरी रात्री मोजणीला निघाल्याच. पुढे विजेरी घेऊन आमची कन्या. ती आता चौदा वर्षांची आहे. शेजारच्या छोट्या मुलांना ती शिकवीत होती : बूट झाडून घाला, अंधारात अनवाणी फिरू नका, दगड उचलण्याआधी काठीने ठोका.

एका मुलाने विचारले, "तुला एकदा चावला होता ना? मग तू त्यांना मारत का नाहीस?"

ती क्षणभर थांबली. म्हणाली, "मला भीती वाटते त्यांची. म्हणून तर नीट बघून चालते."

यतनेची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही. भीती नाहीशी व्हावी लागत नाही. तिने आपली नजर जमिनीकडे वळवावी, एवढे पुरे. नीट पाहून चालणाऱ्याचा पायही वाचतो आणि पायाखालचा जीवही. वखारीतले आजोबा हेच सांगत होते. त्या रात्री भिंतीवर चार विंचू होते. आम्ही त्यांची नोंद वहीत केली, बरणीतून त्यांना ओढ्यात सोडून आलो आणि दाराची रबरी पट्टी नीट बसली आहे ना, हे पाहून झोपी गेलो.